रबराच्या चिकाची ॲलर्जी: कशी ओळखावी, काय करावं

फुगा फुगवला की ओठ सुजतात. दातांच्या डॉक्टरांकडून आलं की तोंडाभोवती पित्त उठतं. भांड्यांचे रबरी मोजे घातले की हात खाजतात. तिन्हींमागे रबराच्या झाडाचा चीक, म्हणजे लेटेक्स, असू शकतो. धोका मात्र सारखा नसतो.

आधी वेळ बघा. मोजे काढल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी फक्त हातावर पुरळ आलं, तर दोष बहुधा रबर तयार करताना घातलेल्या रसायनांचा. वैताग आहे, पण जिवावर बेतत नाही. मिनिटांतच पित्त, शिंका, धाप सुरू झाली, तर ती चिकातल्या प्रथिनांची ॲलर्जी समजा. पुढची खेप किती जोराची येईल, सांगता येत नाही.

घरी मोजा घालून पुन्हा 'बघू' नका. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून रक्ताची किंवा त्वचेची चाचणी करून घ्या. केळं, किवी, ॲव्होकाडो खाल्ल्यावर तोंड खाजतं का, तेही सांगा. त्यांतली काही प्रथिनं चिकातल्यांसारखीच असतात.

मग टाळायचं काय? पातळ, ताणणाऱ्या वस्तू: फुगे, मोजे, निरोध, काही कॅथेटर (शरीरात घालायच्या नळ्या). टायर, चपलेचे तळवे यांचा त्रास क्वचितच होतो. भिंतीच्या 'लेटेक्स' रंगात तर हा चीक नसतोच. पावडरवाले मोजे मात्र वाईट: प्रथिनं पावडरीला चिकटून हवेत उडतात, स्पर्शाचीही गरज उरत नाही. अमेरिकेत २०१७ पासून वैद्यकीय वापरासाठी त्यांवर बंदी आहे. पाकिटावरच्या 'हायपोॲलर्जेनिक' शब्दावर विसंबू नका; नायट्राइलचे, म्हणजे चीक नसलेल्या कृत्रिम रबराचे, मोजे घ्या.

दवाखान्यात खुर्चीत आडवं झाल्यावर नव्हे, वेळ घेतानाच ॲलर्जी सांगा. शस्त्रक्रिया असेल तर दिवसातली पहिली मागा.

आणि झटका आलाच तर? पित्तावर आपल्याकडे आमसुलाचं पाणी लावतात. पण सोबत श्वास अडकतोय, आवाज घोगरा झालाय, चक्कर येतेय, तर थांबायचं नाही. औषध एकच, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. डॉक्टरांनी जवळ ठेवायला दिलं असेल तर लगेच घ्या. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. लेटेक्सची वस्तू दूर करा. रुग्णाला आडवं करून पाय उंच ठेवा; धाप असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. पाच मिनिटांत फरक नसेल आणि दुसरा डोस जवळ असेल, तर तोही द्या. बरं वाटलं तरी रुग्णालयात जा, काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. १०८ ला फोन करतानाच सांगा: लेटेक्सची ॲलर्जी आहे, येणाऱ्यांनी नायट्राइलचेच मोजे घालावेत.