सेकंड हँड अँप घेताय? स्पीकरशी जोडी जुळवताना या चुका टाळा

अँप (अँप्लिफायर) आधी आणि स्पीकर नंतर, हा क्रमच बहुतेकांचा चुकतो. जुना जपानी अँप बऱ्या भावात दिसला की तो उचलला जातो आणि उरलेल्या पैशांत बसतील ते स्पीकर येतात. खरं तर खोलीवरून स्पीकर ठरवावा आणि स्पीकरवरून अँप. दहा बाय बाराच्या खोलीत ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (एका वॅटमध्ये किती आवाज देतो त्याचं माप) स्पीकरला २५ वॅट भरपूर होतात. ८४ डेसिबलच्या स्पीकरमधून तेवढाच आवाज काढायचा तर १०० वॅट लागतील, कारण दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट होतात. वॅट म्हणजे आरएमएस, अँप सतत देऊ शकतो ती शक्ती. पीएमपीओचे, म्हणजे क्षणिक शिखराचे फुगवलेले आकडे खोक्यावरच राहू द्या.

मागची पाटी न वाचता प्लग लावणे

जपानमध्येच विकण्यासाठी बनलेला अँप १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२०चा. तो थेट २३०ला लावला तर नशिबाने फ्यूज जातो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर. दुसरी चूक जास्त छुपी आहे. दुकानदार हातात देतो तो स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) बहुधा ११० व्होल्टचा असतो. घरातला विजेचा दाब २४५ व्होल्टवर चढला की त्यातून ११७ बाहेर पडतात, म्हणजे १०० व्होल्टच्या अँपला १७ टक्के जास्त. चाळीस वर्षं जुने फिल्टर कपॅसिटर हे फार दिवस सोसत नाहीत. १०० व्होल्टचं टॅपिंग (वेगळी आउटपुट जोडणी) असलेलाच मागा. पाटीवर २०० वॅट लिहिलं असेल तर ५०० व्हीएचा घ्या.

टर्नटेबलचं मात्र ट्रान्सफॉर्मरने भागत नाही. एसी सिंक्रोनस मोटरचा (तिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो) ६० हर्ट्झचा टर्नटेबल आपल्या ५० हर्ट्झवर ३३⅓ऐवजी २७.८ फेऱ्यांनी फिरतो. काळी चारमध्ये गाणारी बाई मग पांढरी चारच्याही जरा खाली ऐकू येते. अशा वेळी ५० हर्ट्झची पुली (मोटरवरची चाकी) मिळते का ते आधी बघा. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर ही भानगड नाही.

स्पीकर जोडून अँप तपासणे

बरीच वर्षं बंद असलेला अँप आधी सिरीज बोर्डवर, म्हणजे वाटेत बल्ब जोडलेल्या बोर्डवर घ्या. त्यात १०० वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब हवा, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. तसाच भक्क पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा.

मग बल्बशिवाय थेट लाइनवर (१०० किंवा १२० व्होल्टचा असेल तर स्टेप-डाउनमधूनच) दहा मिनिटं तापू द्या. स्पीकर काढलेले, व्हॉल्यूम शून्यावर. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक चॅनेलच्या लाल-काळ्या टर्मिनलवर मोजा. आकडा ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत राहा. १००च्या वर गेला तर दुरुस्तीचा खर्च भावातून कापून मागा. व्होल्टमध्ये दिसला तर हात जोडा, असा अँप वूफरची (खर्जाच्या मोठ्या स्पीकरची) कॉइल जाळतो.

हळू आवाजात एक चॅनेल गायब होतो आणि व्हॉल्यूम वाढवला की परत येतो, हे लक्षण बहुधा स्पीकर रिलेचे (अँपमधल्या आपोआप चालणाऱ्या स्विचचे) संपर्क काळे पडल्याचं. रिले बदलणं स्वस्त आहे. नॉब खरखरत असेल तर त्यामागच्या पोटेन्शिओमीटरमध्ये कंटॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-तीस वेळा फिरवा. गंज सोडवायचा स्प्रे तिथे मारू नका, तो ट्रॅकवर तेलकट थर ठेवतो. कंटॅक्ट क्लीनर लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळेल.

आणि अँप अगदीच मुका असेल तर मेकॅनिककडे धावण्याआधी टेप मॉनिटरचं (आवाज टेपरेकॉर्डरकडून घेण्याचं) बटण दाबलेलं राहिलंय का ते बघा. मागे ‘प्री आउट’ आणि ‘मेन इन’ जोडणाऱ्या धातूच्या पिना हरवल्या असल्या तरी आवाज येत नाही. त्यांच्या जागी छोटी आरसीए वायर चालते.

वूफरची कड न दाबणे

जाळी काढून फोमची कड बोटाने दाबा. चिकट लागली किंवा भुगा झाला तर री-फोमिंग (कड बदलणं) आलंच. दमट हवेत हा फोम आणखी लवकर कुजतो, त्यामुळे मुंबई-कोकणातले स्पीकर जास्त बारकाईने बघा. रबराची कड बरीच टिकते. मग चारही बोटं पसरून वूफरचा कोन (मधला पडदा) सरळ आत ढकला. खस्स आवाज आला तर कॉइल घासतेय, ती जोडी सोडा. री-फोमिंग करायचं तर दोन्ही स्पीकरचं एकदमच करा.

ओहमचं (स्पीकरच्या रोधाचं) गणित साधं आहे. बऱ्याच जुन्या अँपवर स्पीकरच्या ए आणि बी अशा दोन जोड्यांसाठी ‘ए किंवा बी’ला ४ ते १६ आणि ‘ए + बी’ला ८ ते १६ असं छापलेलं असतं. दोन्ही बटणं दाबली की बहुतेक अँपमध्ये जोड्या पॅरलल होतात: दोन ८ ओहमच्या मिळून ४, दोन ४ ओहमच्या मिळून २. दोनवर अँप तापतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर उडतात. पाच मीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरे, महागड्या केबलचे पैसे स्पीकरमध्ये घाला. जोडल्यावर अँप मोनोवर टाका. गायकाचा आवाज मधून न येता पसरला आणि खर्ज पातळ झाला तर एका स्पीकरच्या तारा उलट आहेत.

फोनो आणि लाइन यांची गल्लत

टर्नटेबलच्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसते त्या भागातून, जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात, सीडी प्लेअरमधून २ व्होल्टपर्यंत. बऱ्याच नवीन टर्नटेबलच्या मागे फोनो/लाइनचा स्विच असतो. तो लाइनवर ठेवून वायर अँपच्या फोनोत घातली तर आवाज फाटतो. उलट केलं तर बारीक, चिरका येतो. सतत ‘हम्म’ येत असेल तर बहुधा ग्राउंडची बारीक वायर अँपच्या जीएनडी स्क्रूला लावायची राहिलीय.

नवंच घ्यावं असं काय?

सुई. जुन्या टर्नटेबलवरची सुई किती तास वाजलीय हे विकणाराही सांगू शकत नाही, आणि झिजलेली सुई रेकॉर्ड खाते. बेल्टही नवाच. जुना सीडी प्लेअर घेताना आतल्या पिकअपचा (डिस्क वाचणाऱ्या लेझरचा) नंबर विचारा आणि तो आज बाजारात मिळतो का ते पैसे देण्याआधी पाहा. मिळत नसेल तर तेवढ्याच पैशांत नवीन डॅक (डिजिटल आवाज अँपला चालेल असा करणारं यंत्र) घ्या.