छोट्या परिषदेला जाताय? जनुकशास्त्राच्या संशोधकांनी या चुका टाळा

दीडशे-दोनशे जणांच्या परिषदेत तुमच्या कामातली चूक ओळखू शकणारा माणूस दोन खुर्च्या सोडून बसलेला असतो. त्याला गाठणं हेच तिथे जाण्याचं कारण. प्रमाणपत्र घेऊन परतायचं असेल तर घरीच थांबलेलं बरं.

पोस्टरवर ‘जीन एक्स’ लिहिणं

सापडलेल्या जनुकाचं नाव झाकून पोस्टरवर नुसतं ‘जीन एक्स’ लिहिणं, सगळ्यात महागात पडणारी चूक ही. दुर्मिळ आजारावर काम करणाऱ्याच्या हाती बहुधा एकच कुटुंब असतं. एक्झोम सिक्वेन्सिंग केलं, म्हणजे डीएनएचा प्रथिनं घडवणारा भाग वाचला, लोकसंख्येत सर्रास सापडणारे व्हेरिएंट (डीएनएतले फरक) गाळले, आईवडिलांचे नमुने ताडून पाहिले, की एक जनुक उरतं. पण एका कुटुंबावरून ते जनुकच आजाराचं कारण आहे असं कुणी मानत नाही, आणि मानूही नये. नात्यागोत्याचा संबंध नसलेलं, त्याच जनुकात बिघाड आणि तशीच लक्षणं असलेलं दुसरं कुटुंब लागतं.

मग होतं असं. कुणी आपला शोध पळवेल या धास्तीने नाव झाकलं जातं. चार फळ्या पलीकडे उभ्या असलेल्या संशोधकाकडे नेमका तसाच रुग्ण असतो. तो ‘जीन एक्स’ वाचतो, मान डोलावतो आणि पुढे जातो. दोघांचेही पेपर एकेका कुटुंबावर अडकून पडतात, आणि निदानाची वाट बघणारी दोन कुटुंबं तशीच ताटकळतात. ज्या खोलीत हे जुळायची सगळ्यात जास्त शक्यता होती, तिथेच आपण दार लावून घेतलं.

उपाय महिनाभर आधी सुरू होतो. एकाच जनुकात रस असलेल्यांची गाठ घालून देणाऱ्या, 2013 पासून चालू असलेल्या जीनमॅचर या संकेतस्थळावर जनुकाची नोंद करा. सहलेखकांची संमती तोंडी नको, ईमेलवर घ्या. हस्तलिखित तयार असेल तर बायोआर्काइव्हवर किंवा मेडआर्काइव्हवर (नियतकालिकात छापण्याआधीच पेपर खुले करणारी संकेतस्थळं) टाका, म्हणजे तारीख तुमच्या नावावर लागते. मग पोस्टरवर नाव मोठ्या अक्षरांत छापा.

अपवाद पेटंटचा. खुल्या परिषदेत लावलेलं पोस्टर हे जाहीर प्रकटन ठरतं. अमेरिकेत त्यानंतर अर्ज करायला वर्षभराची सवलत आहे, युरोपात मात्र पेटंटला लागणारं नावीन्यच संपतं. म्हणून अर्ज आधी, पोस्टर नंतर. काही परिषदा बंद दाराच्या असतात. गॉर्डन परिषदांत मांडलेली माहिती खासगी संवाद मानली जाते. फोटो किंवा ध्वनिमुद्रण चालत नाही. तिथे ऐकलेला आकडा विचारल्याशिवाय आपल्या स्लाइडवर आणणाऱ्याला पुढे कुणी काही दाखवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आपलं भाषण झालं की निघणं

1978 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, आल्टा इथे युटा विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या मंडळींची एक छोटी बैठक भरली होती. एका संशोधक विद्यार्थ्याने हिमोक्रोमॅटोसिस, म्हणजे शरीरात लोह साठत जाण्याचा आजार, एचएलए (रोगप्रतिकारशक्तीशी निगडित) जनुकांच्या सोबतीने वारशात उतरतो हे मांडलं. बाहेरून सल्ला द्यायला आलेले डेव्हिड बॉटस्टाइन आणि रोनाल्ड डेव्हिस त्या चर्चेत होते. एचएलए हा योगायोगाने मिळालेला मार्कर, म्हणजे आजाराच्या जनुकाचा ठावठिकाणा सांगणारी खूण. मग डीएनएतलेच साधे फरक मार्कर म्हणून का वापरू नयेत, आणि तेही सगळ्या जिनोमभर, म्हणजे संपूर्ण डीएनएभर? बोलता बोलता कल्पना इथवर पोचली. 1980 मध्ये बॉटस्टाइन, व्हाइट, स्कॉल्निक आणि डेव्हिस यांचा ही कल्पना मांडणारा पेपर आला, आणि 1983 मध्ये हंटिंग्टन आजाराचा मार्कर याच पद्धतीने चौथ्या गुणसूत्रावर सापडला.

बॉटस्टाइनसारखा यीस्टवर काम करणारा माणूस विद्यार्थ्याचं भाषण ऐकायला थांबला म्हणून हे घडलं. आपला विषय नाही म्हणून सत्र सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पूर्ण मुक्काम करा, आणि जेवायला आपल्याच प्रयोगशाळेच्या घोळक्यात बसू नका.

फक्त मॅनहॅटन आलेख दाखवणं

मॅनहॅटन आलेखात जिनोमभरच्या व्हेरिएंटचा आजाराशी संबंध किती पक्का, हे ठिपक्यांनी दाखवतात. 5×10⁻⁸ ची रेघ (निव्वळ योगायोगाची शक्यता याहून कमी असेल तरच संबंध धरतात) ओलांडणारे ठिपके बघून आधी लोकसंख्येच्या रचनेचीच शंका येते. रुग्ण आणि निरोगी गट वेगवेगळ्या वंशपरंपरेचे असतील तर आजाराशी संबंध नसलेले व्हेरिएंटही रेघेवर चढतात. क्यूक्यू आलेख (अपेक्षित आणि मिळालेली मूल्यं ताडणारा) आणि लॅम्डाचं मूल्य (निकाल किती फुगलेत ते सांगणारा आकडा) शेजारीच द्या. नमुने हजारोंच्या घरात असतील तर नुसता लॅम्डा पुरत नाही. आजारात अनेक जनुकांचा हात असेल तर तो खरोखरच वाढतो, म्हणून एलडी स्कोअर रिग्रेशनचा इंटरसेप्टही (लोकसंख्येच्या रचनेमुळे आलेली फूग वेगळी काढणारा आकडा) द्यावा. घाईत असलेले लोक हे ‘पुरवणीत आहे’ म्हणतात. पोस्टरला पुरवणी नसते.

थोडक्यात आणखी काही

जिनोमची आवृत्ती लिहा. जीआरसीएच 37 आणि 38 या मानवी जिनोमच्या संदर्भ-आवृत्त्यांमध्ये त्याच व्हेरिएंटचा पत्ता बहुधा वेगळा असतो, आणि समोरचा तिथल्या तिथे फोनवर शोधून भलतीकडे पोचतो. ट्रान्सक्रिप्टचा (जनुकाच्या आरएनए प्रतीचा) क्रमांकही आवृत्तीसकट हवा.

वंशावळ दाखवण्यापूर्वी संमतिपत्र पुन्हा वाचा. छोट्या क्षेत्रात दुर्मिळ आजाराचं कुटुंब चेहऱ्याशिवायही ओळखता येतं. गरज नसेल तर भावंडांचा क्रम आणि लिंग झाका.

लाल-हिरव्या प्रतिमा नकोत, किरमिजी-हिरव्या वापरा. सुमारे 12 पुरुषांमागे एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही.

ए0 कागद 841×1189 मिलिमीटरचा असतो. फळी उभी की आडवी, हे छापण्याआधी आयोजकांना विचारा.

12 मिनिटांच्या भाषणाला 20 स्लाइड आणू नका. 10 पुरतात, आणि प्रश्नांची वेळ खायची नसते.

कुणी चूक दाखवली तर वाद घालण्याआधी त्याचं नाव आणि नेमका आक्षेप एकाच पानावर लिहून घ्या. दोन दिवसांत त्याला ईमेल करा. त्यात त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत, आणि सोबत त्याने मागितलेला आलेख. आठवडा उलटला की त्याला तुमचं पोस्टरही आठवत नाही.