दादरची उगवण एकसारखी कशी झाली

तापीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्याने मागे ठेवलेल्या ओलीवरच आम्ही दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरतो. परंतु ऑक्टोबरच्या उन्हात वरचा थर झपाट्याने सुकत असल्याने उगवण विरळ होत असे आणि ठिकठिकाणी नांग्या, म्हणजे रोपांविना मोकळ्या जागा, पडत. यावर बियाणे भिजवून पेरण्याचा उपाय मला लागू पडला.

रात्री साध्या पाण्यात बी टाकून सुमारे 10 तासांनी मी ते उपसतो. सावलीत गोणपाटावर पसरून ते हाताला चिकटेनासे झाले, की जिवाणू खत चोळून त्याच दिवशी पाभरीने (पेरणीच्या अवजाराने) पेरतो. पाणी शोषल्यामुळे बियातील विकरे (एन्झाइम) जागी होतात आणि अंकुरणाची पूर्वतयारी आधीच झाल्याने ओल खोल जाण्यापूर्वीच रोपाचे मूळ तिला गाठते. वेळेची मर्यादा मात्र काटेकोरपणे पाळावी, कारण मोड बाहेर आलेले बी कोरड्या मातीत वाचत नाही. हरभऱ्याला 8 तास पुरेसे होतात. आधीच रासायनिक प्रक्रिया केलेले पाकिटातील बियाणे मी भिजवत नाही, आणि जमिनीत मुळीच ओल नसेल तर पेरणीच थांबवतो.