ब्रूस ली यांचा आत्मविकासाचा विचार रोजच्या जगण्यात कसा आणावा

१९६४ सालाच्या अखेरीस अमेरिकेतील ओकलंड येथील आपल्या कुंग-फू शाळेत कुंग-फू तज्ज्ञ आणि पुढे चित्रपट अभिनेते म्हणून गाजलेले ब्रूस ली यांची वाँग जॅक मॅन या दुसऱ्या कुंग-फू तज्ज्ञाशी बंद दाराआड लढत झाली. त्या लढतीची वर्णने सांगणाऱ्यागणिक बदलतात, परंतु ली यांनी नंतर स्वतःविषयी काढलेला निष्कर्ष स्पष्ट आहे. आपण जिंकलो असे मानत असूनही ते नाराज होते, कारण जे काम झटपट उरकायला हवे होते ते लांबले आणि अखेरीस त्यांना दम लागला. विजयाचे समाधान मानण्याऐवजी त्यांनी हाँगकाँगमध्ये किशोरवयात आपले गुरू इप मॅन यांच्याकडे शिकलेली कुंग-फूची विंग चुन पद्धत तपासायला घेतली, शरीराची दमछाक कमी व्हावी म्हणून व्यायामाची घडी बदलली, पाश्चात्त्य मुष्टियुद्ध आणि तलवारबाजी यांतील उपयोगी गोष्टी पारखून घेतल्या, आणि या शोधातून जे उभे राहिले त्याला १९६७ मध्ये ‘जीत कुन दो’ हे नाव दिले.

त्यांच्या विचाराचा गाभा मला या प्रसंगात दिसतो. मानसशास्त्रात ज्याला आत्मवास्तविकीकरण म्हणतात, म्हणजे आपल्यात जे सामर्थ्य आहे ते प्रत्यक्षात उतरवणे, त्यात आणि स्वतःच्या प्रतिमेची जोपासना करण्यात ली फार काटेकोर फरक करीत. बहुतेक माणसे आपण अमुक आहोत असे दाखवण्यात शक्ती खर्च करतात आणि प्रत्यक्ष वाढीसाठी त्यांच्याजवळ काही उरत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. हा फरक स्वतःच्या दिवसात शोधून काढणे हेच पहिले काम आहे, आणि बाकीच्या कामांपेक्षा त्याला अधिक वेळ द्यावा.

त्यासाठी एक साधी वही घ्यावी आणि दोन आठवडे रोज रात्री दहा मिनिटे लिहावे. पानाच्या डाव्या बाजूला त्या दिवशी जाणीवपूर्वक केलेल्या चार-पाच गोष्टी लिहाव्यात, आणि उजव्या बाजूला प्रत्येकीपुढे एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे: हे मी केले असे कुणालाही कधीच कळणार नसते, तरी मी ते केले असते का? उत्तर ‘नाही’ आले म्हणून ती गोष्ट वाईट ठरत नाही; लोकलाजेने केलेली कामेही पुष्कळदा आवश्यक असतात. मात्र ‘नाही’ची उत्तरे कोणत्या कामांभोवती गर्दी करतात ते पाहावे. मी ही वही भरली तेव्हा पहाटे पाचला उठण्याच्या माझ्या सवयीपुढे सलग अकरा दिवस ‘नाही’ लिहिले गेले. पहाटे उठणारा माणूस शिस्तीचा असतो, या समजुतीवर मी कित्येक वर्षे प्रेम केले होते. प्रत्यक्षात पाच ते सहा या तासात मी पुस्तक उघडून एकाच परिच्छेदावरून तीनदा डोळे फिरवीत असे, आणि खरे लेखन आठनंतरच होत असे. मी साडेसहाला उठू लागलो. हा बदल किरकोळ वाटेल, पण त्यानंतर थकवा कमी झाला आणि कामाची पाने वाढली, हे वहीतच नोंदलेले आहे.

वहीतून जे हाती येईल त्याची कसोटी कृतीत घ्यावी. नुसत्या ठरावीक हालचाली घोटण्याला ली कोरड्या जमिनीवर पोहायला शिकण्याची उपमा देत. ज्याला सभेत बोलण्याची भीती वाटते त्याने वक्तृत्वावरची आणखी पुस्तके वाचण्याआधी पुढच्या बैठकीत उभे राहून दोन वाक्ये बोलावीत, आणि घरी आल्यावर आपण कुठे अडखळलो तेवढेच लिहावे. उपयोगी ते आत्मसात करावे, निरुपयोगी टाकावे आणि स्वतःचे असे काही त्यात घालावे, हे त्यांचे सूत्र बरेच जण उद्धृत करतात, पण त्याआधी स्वतःचा अनुभव तपासण्याची अट आहे, ती मात्र गाळली जाते. तपासणीशिवाय केलेली निवड म्हणजे आवडीनिवडीला दिलेले भारदस्त नाव होय.

यापुढचे काम वजाबाकीचे आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत अवघड आहे. मूर्तिकार मातीचे थर चढवीत बसत नाही, तर अनावश्यक भाग छिन्नीने उडवीत जातो, अशा अर्थाचे उदाहरण ली देत असत. रोज काही मिळवण्यापेक्षा रोज काही कमी करण्यावर त्यांचा भर होता. आपण मात्र सुधारायचे ठरवले की आधी भर घालतो: नवे वेळापत्रक, नवे ॲप, नवा वर्ग. त्याऐवजी आठवड्यातून एकदा एकच गोष्ट निवडून ती सात दिवस थांबवावी. ती सवय असेल, बोलताना वारंवार येणारे स्पष्टीकरण असेल, किंवा प्रत्येक संदेशाला तत्काळ उत्तर देण्याची घाई असेल. सात दिवसांनी काही अडले असेल तर ती परत घ्यावी, आणि अडले नसेल तर कायमची सोडावी. एका वेळी एकच गोष्ट काढावी हे पथ्य मोडू नये, कारण तीन गोष्टी एकदम काढल्या तर कशामुळे काय झाले हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

पाण्यासारखे व्हावे, या त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध उपदेशाचा अर्थ पुष्कळदा ‘पडते घ्यावे’ असा लावला जातो, आणि तो मला चुकीचा वाटतो. तरुणपणी लढताना ली यांचे मन ताणलेले राही म्हणून इप मॅन यांनी त्यांना आठवडाभर सराव बंद ठेवून घरी विचार करायला सांगितले होते. त्या काळात एकटेच होडीतून जात असता वैतागून त्यांनी पाण्यावर ठोसा मारला, तेव्हा पाण्याला इजा झाली नाही आणि ते मुठीत धरताही आले नाही. तरीही हेच पाणी खडक झिजवते, हे त्यांच्या ध्यानात आले. रोजच्या व्यवहारात याचा उपयोग वादाच्या क्षणी होतो. समोरचा माणूस तीव्र स्वरात बोलू लागला की आपण त्याच्या स्वराला उत्तर देऊ लागतो आणि त्याचे म्हणणे निसटते. अशा वेळी त्याचे शेवटचे वाक्य मनात एकदा जसेच्या तसे म्हणावे आणि मगच तोंड उघडावे. आपले मत ठाम असेल तर ते ठामपणेच सांगावे. फक्त ते त्या वाक्याला दिलेले उत्तर असावे, आधीपासून तयार ठेवलेले भाषण नसावे.

ध्येय कागदावर लिहावे, हे थोडक्यात सांगतो. ली यांनी जानेवारी १९६९ मध्ये आपले मुख्य ध्येय रकमेसह आणि वर्षासह लिहून ठेवले होते. तारीख घातल्याने ध्येयाची तपासणी करता येते, एवढाच त्याचा उपयोग आहे.

कोणतीही पद्धत, या लेखातलीसुद्धा, अंतिम मानू नये. ठरीव पद्धतीने सत्य सापडत नाही असे सांगणारे विचारवंत जे. कृष्णमूर्ती यांच्या लेखनाचा ली यांच्यावर मोठा प्रभाव होता, आणि ठरीव अभ्यासक्रमालाच विद्यार्थी सत्य मानतील या काळजीने त्यांनी १९७० मध्ये स्वतःच्या शाळा बंद केल्या.

त्याच वर्षी वजन खांद्यावर घेऊन वाकण्याचा व्यायाम करताना त्यांच्या कमरेतील मज्जातंतूला इजा झाली, आणि पुन्हा पूर्वीसारखी लाथ मारता येणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले. अंथरुणात पडून असलेल्या महिन्यांत त्यांनी वाचन केले, वह्या भरल्या, आणि आपल्याच व्हिजिटिंग कार्डाच्या मागे ‘चालत राहा’ अशा अर्थाचे दोन शब्द लिहून ते नजरेसमोर ठेवले. त्यांचे गाजलेले चित्रपट या दुखापतीनंतरचे आहेत, आणि कमरेचे दुखणे त्यांना अखेरपर्यंत सुटले नाही. आजारपण, नोकरीतील खंड किंवा घरातील अडचण आली की सगळी आखणी मोडते. तेव्हा पूर्ण दिनक्रम पेलण्याचा हट्ट सोडून प्रत्येक कामाचे सर्वांत लहान रूप आधीच ठरवून ठेवावे. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा ते रूप म्हणजे डाव्या हाताने लिहिलेली वेड्यावाकड्या अक्षरांची एक ओळ होती. अडचण सरल्यावर जुनी यादी जशीच्या तशी सुरू करू नये. तिच्यातील कोणत्या गोष्टी इतके दिवस न करूनही काही अडले नाही, ते आधी वहीत पाहावे.