पीपीएफ लावलेली गाडी धुताना या चुका टाळा

पीपीएफ लावलं की गाडीकडे बघायलाच नको, हा समज आधी डोक्यातून काढा. पीपीएफ, म्हणजेच पेंट प्रोटेक्शन फिल्म, हा थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर, जाडी साधारण 150 ते 200 मायक्रॉन. त्याच्यावर पातळ टॉपकोट आणि खाली गोंद. पुणे-बेंगळुरू हायवेला पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी रंगाऐवजी या थरावर आदळते आणि रंग वाचतो. हे काम फिल्म चोख करते. पण टॉपकोटवर डाग बसतात, कडेतून पाणी आणि घाण आत शिरते, आणि नको ते केमिकल लागलं की गोंद ढिला पडतो. खडीनं वाया गेलेली फिल्म माझ्याकडे क्वचित येते. धुण्यापुसण्यात वाया गेलेली मात्र सतत येते. तेवढ्यासाठीच हे सविस्तर लिहितोय.

फिल्म लावल्या लावल्या धुण्याची घाई

फिल्म बसवताना रंग आणि फिल्म यांच्यामध्ये साबणाचं पाणी मारलेलं असतं. ते पट्टीनं दाबून बाहेर काढतात, तरी थोडी ओल मागे राहतेच. त्यामुळे सुरुवातीला बारीक फुगे किंवा दुधाळ झाक दिसते. ऊन असेल तर ती काही दिवसांत जाते, पावसाळ्यात तीन-चार आठवडेही लागतात. या काळात गोंद पुरता धरलेला नसतो. नवी गाडी, नवी फिल्म, आणि लगेच अंबाबाईच्या दर्शनाला जायचं म्हणून आदल्या दिवशी वॉशिंग, हा क्रम नेहमीचा. दर्शनाला जरूर जा, फक्त पहिला आठवडाभर गाडी धुऊ नका. पावसाचे चार थेंब पडले तर काही बिघडत नाही. बिघडतं ते प्रेशरच्या पाण्यानं आणि कडा घासल्यानं.

फुगा दिसला म्हणून टाचणीनं फोडू नका. पाण्याचा फुगा आपोआप सुकतो, पण टाचणीचं भोक तसंच राहतं आणि पुढे त्याच्याभोवती मळ धरतो. महिन्यानंतरही फुगा हलला नाही किंवा बोटाला आत कण लागत असेल, तर ज्यांनी फिल्म लावली त्यांच्याकडे गाडी न्या.

वॉशिंग सेंटरवर काय सांगायचं

रॅम्पवर गाडी चढवायच्या आधी मुलाला सरळ सांगा, "दादा, गाडीला पीपीएफ आहे. कडांना गन लांबूनच मारा आणि डिझेल मारू नका." नीट सांगितलं तर मुलं ऐकतात. त्यांना दिवसभर ट्रॅक्टरपासून ट्रकपर्यंत सगळं धुवायचं असतं, तुमच्या बॉनेटवर फिल्म आहे हे त्यांना लांबून कळणार कसं?

गन किमान दीड-दोन फूट लांब हवी आणि पाणी पसरून पडलं पाहिजे. एका धारेत येणारं पाणी कडेवर तिरकं बसलं की ते फिल्मच्या खाली घुसतं. धोक्याच्या जागा ठरलेल्या आहेत: बॉनेटची पुढची कड, हेडलाइटभोवतीचा कट, आरशाची टोपी, दरवाजाच्या हँडलमागची वाटी, पेट्रोलच्या टाकीचं झाकण आणि बंपरच्या जाळीच्या कडा. गनची दिशा कडेवरून बाहेर अशी हवी, बाहेरून कडेच्या आत कधीच नको.

डिझेलचा मुद्दा जास्त गंभीर आहे. खालच्या बाजूला आणि चाकांच्या कमानीत डिझेल किंवा रॉकेल मारायची पद्धत बऱ्याच ठिकाणी अजून आहे. गंज लागत नाही, काळं चमकतं, हे त्यामागचं कारण. हेच डिझेल उडून फेंडरच्या आणि दरवाजाच्या खालच्या कडेला लागतं. गोंद मऊ होतो, कड उचलते, आणि पुढच्या पावसात तिच्याखाली चिखल जातो. स्वस्त फोमचंही तसंच. ट्रकचा तेलकट मळ काढायला बनवलेला कडक क्षारयुक्त फोम टॉपकोटवर पुन्हापुन्हा पडला, तर काही महिन्यांत फिल्म निस्तेज होते आणि पाणी मोत्यासारखं घरंगळायचं थांबतं. शॅम्पू पीएच न्यूट्रल, म्हणजे ना आम्ल ना क्षार असा, आहे का, एवढं विचारा. नसेल तर स्वतःची बाटली आणि स्वतःचे दोन मायक्रोफायबरचे मऊ फडके घेऊन जा. चाकं पुसलेला फडका बॉनेटवर फिरण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

रोजची पुसापुशी

अपार्टमेंटमध्ये रोज सकाळी एका बादलीत आठ-दहा गाड्या पुसल्या जातात. तिसऱ्या गाडीपर्यंत त्या पाण्यात वाळूच असते. फिल्म लावलेल्या गाडीसाठी ही सेवा बंद करा, किंवा फक्त काचा पुसायला सांगा. पिसारा फिरवून धूळ झटकणंही नको. धूळ बसली तर बसू द्या, आठवड्यातून एकदा नीट धुतलं की पुरे.

घरी धुणार असाल तर बॉनेट गार असावं आणि गाडी सावलीत. एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. हातमोजा प्रत्येक पॅनेलनंतर साध्या पाण्यात पिळायचा आणि मगच शॅम्पूत बुडवायचा. वरून खाली यायचं, सिल (दरवाजाखालची पट्टी) आणि बंपरचा खालचा भाग शेवटी. भांड्यांचा साबण आणि वॉशिंग पावडर गाडीपासून लांबच ठेवा.

बोअरचं पाणी असेल तर ते अंगावर सुकू देऊ नका. कॅल्शियमचे पांढरे ठिपके फिल्मवर काचेइतकेच बसतात आणि उन्हात भाजले की टॉपकोटमध्ये रुततात. शेवटचा हात नगरपालिकेच्या पाण्याचा मारता आला तर उत्तम. नाहीतर धुतल्या धुतल्या टॉवेल टेकवून पाणी टिपून घ्या, घासू नका. ताजे ठिपके पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून निघतात. अर्धा मिनिट ठेवा आणि भरपूर पाण्यानं धुऊन टाका.

काजळी आणि लोखंडाची धूळ

हा आपल्या कोल्हापूर भागाचा खास त्रास आहे. गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या आसपासच्या गावांत सकाळी गाडीवर काळी काजळी दिसते. ती हलकी वाटते, फुंकर मारली तर उडेलशी. पण उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर असतं, म्हणजे जवळजवळ वाळूच. कोरड्या फडक्यानं ती पुसली की बॉनेटभर गोल ओरखडे उमटतात. नळाच्या पाण्याची संथ धार सोडून आधी वाहून घालवा आणि मगच हात लावा. उसाच्या ट्रॉलीमागून येताना चिकट शिंतोडे उडाले असतील तर तेही त्याच दिवशी कोमट पाण्यानं काढा. साखर सुकली की धूळ ओढते.

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फाउंड्रीजवळ रोज गाडी लावणाऱ्यांना पांढऱ्या गाडीच्या फिल्मवर बारीक तांबूस ठिपके दिसतात आणि फिल्म गंजली असं वाटतं. प्लास्टिक गंजत नाही. लोखंडाचे कण टॉपकोटवर बसून गंजलेले असतात. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. गार पॅनेलवर मारायचा, जांभळा रंग सुटला की सुकायच्या आत धुऊन टाकायचा. रंगावर रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी, म्हणजे क्ले बार, मात्र फिल्मवर फिरवू नका, टॉपकोट मंद पडतो.

गुलाल, हळद आणि हार

जोतिबाच्या डोंगरावर चैत्र यात्रेला गाडी नेली आणि गुलाल लागला नाही असं होत नाही, आणि होऊही नये. श्रद्धेच्या ठिकाणी फिल्मचा विचार करत बसू नका. विचार खाली उतरल्यावर करायचा.

कोरडा गुलाल फिल्मला काही करत नाही. तो नुसता बसलेला असतो. ओल्या फडक्यानं पुसायला गेलात की रंग विरघळतो, वाहत वाहत कडेला जातो आणि तिथल्या गोंदात मुरतो. पांढऱ्या गाडीच्या हेडलाइटभोवती जी बारीक गुलाबी रेघ दिसते ती अशी तयार होते. एकदा गोंदात रंग मुरला की तो निघत नाही, तेवढी कड कापून नवी पट्टी लावावी लागते. म्हणून आधी हवेच्या ब्लोअरनं गुलाल उडवा. ब्लोअर नसेल तर पेट्रोल पंपावरच्या हवेच्या पाइपनंही जमतं, नळी थोडी लांब धरायची. मग छपरापासून खाली भरपूर पाणी सोडा, इतकं की वाहणारं पाणी गुलाबी दिसायचं थांबलं पाहिजे. शॅम्पू त्यानंतर. खोबऱ्याचे तुकडे काचेच्या खालच्या खाचेत आणि बॉनेटच्या फटीत अडकतात. ते हातानं वेचा, कारण त्यांचं तेल फिल्मवर डाग धरतं.

तरीही कडेला रंग राहिला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समसमान घ्या. ते मायक्रोफायबरवर घ्यायचं, थेट फिल्मवर ओतायचं नाही. बोटाला कापड गुंडाळून कडेच्या समांतर हळूहळू पुसा. कडेच्या आत ढकलाल तर रंग आणखी खोल जाईल. कापड गुलाबी झालं की घडी बदला.

दसऱ्याच्या पूजेत बॉनेटवर ओल्या हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढतात. हळद पॉलियुरेथेनवर पिवळा डाग धरते, आणि तो घालवायला लोक रबिंग कंपाउंड लावून टॉपकोटच घालवतात. घासाघाशी करू नका. गाडी धुऊन दोन-चार दिवस चांगल्या उन्हात लावा. हळदीचा रंग उन्हात विटतो, डाग फिकट होत जातो. कुंकवाला मात्र हे लागू नाही, त्याचे रंग वेगवेगळे असतात आणि काही चिवट निघतात. माझं मत विचाराल तर स्वस्तिक समोरच्या काचेवर काढा. पूजा तीच, काच सहज धुता येते. हाराची तार बॉनेटवर घासणार नाही असा हार बांधा, आणि रात्रभर ओला झेंडू तसाच ठेवू नका. रिबिनी चिकटवायला सेलोटेप तर नकोच. चार दिवसांनी टेप ओढताना नव्या फिल्मची कडही सोबत येते.

नावाचे आणि देवाचे रेडियम स्टिकरही काचेवरच लावा.

पावसाळा

गगनबावडा, राधानगरी किंवा पन्हाळ्याकडून आलेली गाडी तांबड्या चिखलानं माखलेली असते. ओला असताना तो नुसत्या पाण्यानं जातो. दोन दिवस सुकवला की कडांमध्ये तांबडी रेघ बसते. पुरात पाणी लागलेल्या गाडीचं तर हे आणखी खरं आहे. गाळ सुकायच्या आत धुवा, त्यानंतर बाकीची कामं.

ओल्या गाडीवर कव्हर टाकू नका. वाफ आत कोंडते आणि फिल्म पांढुरकी दिसायला लागते. धुळीच्या गाडीवरही नको, वाऱ्यानं हलणारं कव्हर ओरखडे पाडतं. झाडाखाली गाडी लावणं टाळता येत नसेल तर पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी काढा. ओला टिशू पाच मिनिटं ठेवायचा, मऊ झाली की उचलायची. उन्हात ती काही तासांतही टॉपकोट खाते.

ओरखडे आपोआप जातात म्हणजे नेमकं काय

सेल्फ हीलिंग असं सांगून फिल्म विकली जाते आणि त्यात तथ्य आहे. टॉपकोटमधले केसासारखे ओरखडे उष्णतेनं भरून येतात. एप्रिल-मेच्या कोल्हापुरी उन्हात तासभर गाडी ठेवली तरी फरक दिसतो. पावसाळ्यात गरम पाण्याचा तांब्या हळू ओतला तरी चालतं. उकळतं पाणी नको आणि हीट गन घरी वापरायला नको, एका जागी दोन सेकंद जास्त धरली तर फिल्म आकसते. नखाला लागणारा चरा, किल्लीनं ओढलेली रेघ, दुचाकीच्या हँडलनं पडलेला काप यांतलं काहीही भरून येत नाही. तिथे त्या पॅनेलची फिल्म बदलावी लागते, आणि तेवढ्यासाठीच ती लावलेली असते.

कड सुटली, पिवळेपणा आला

उचललेल्या कडेला फेविक्विक लावलेली गाडी मी नेहमी पाहतो. त्यानं फिल्म कडक होते, पांढरी पडते आणि काढताना खालचा रंग सोबत येऊ शकतो. कड ओढूही नका. गाडी धुणं थांबवा आणि लावणाऱ्याकडे न्या. आत मळ गेला नसेल तर साफ करून, ऊब देऊन ती परत बसते. मळ गेला असेल तर तेवढी कापतात.

पिवळेपणा दिसला तर आधी कडा पाहा. फक्त कडेलाच पिवळी किंवा काळी रेघ असेल तर तो बहुधा जुना वॅक्स आणि मळ आहे, आणि गुलालासाठी सांगितलेल्या अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणानं निघतो. पेट्रोलियम असलेला वॅक्स फिल्मवर वापरू नये तो याचमुळे. चमक हवी असेल तर सिलिकाचा स्प्रे सीलंट वापरा. पूर्ण पॅनेल एकसारखं पिवळं पडलं असेल तर दोष फिल्मचा आहे. पीव्हीसीची स्वस्त फिल्म पीपीएफ म्हणून गळ्यात मारली की असं लवकर होतं. अशा वेळी वॉरंटी कार्ड काढा. त्यावर फिल्मचं नाव, रोलचा क्रमांक आणि तपासणीची अट आहे का ते वाचा. काही कंपन्या वर्षातून एकदा तपासणी झाली असेल तरच दावा मान्य करतात.

मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, फिल्मवर वॅक्स, पॉलिश, जोरात घासणं यातलं काहीच चालत नाही. जिथे घासाल तिथे चकाकता डाग पडतो आणि तो परत मॅट होत नाही.

गाडी डेंटिंग-पेंटिंगला दिलीत तर कोणत्या पॅनेलवर फिल्म आहे ते जॉबकार्डवर लिहून घ्या. आणि नव्यानं रंगवलेल्या पॅनेलवर फिल्म लावण्याआधी रंग पुरता वाळला आहे का, हे पेंटरला विचारूनच तारीख ठरवा.