थायलंडमध्ये मुक्काम लांबलाय? मग तारखांच्या या चुका टाळा

ओळखीतलं एक जोडपं गणपतीला पुण्याला जाऊन आलं. सुवर्णभूमी विमानतळावर नेहमीसारखा शिक्का मिळाला, नेहमीसारखं हसूही मिळालं. घरी येऊन पासपोर्ट उघडला तर शिक्का पर्यटकाचा! बँकेत आठ लाख बात (थाई चलन) अडकवून मिळवलेली मुक्कामाची वर्षभराची मुदतवाढ रद्द झाली होती. कोणी वाद घातला नव्हता, कोणी आवाज चढवला नव्हता. देश सोडताना त्यांनी री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, काढलं नव्हतं, एवढंच.

बँकॉकमध्ये नऊ वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की इथे परक्या माणसाची फजिती भाषेने होत नाही, तिखटाने होत नाही, उकाड्याने तर नाहीच नाही (आपण नागपूर पाहिलेलं असतं). ती तारखांनी होते. 'माय पेन राय', म्हणजे 'असू दे, काही हरकत नाही', हे शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतात आणि आपल्याला वाटतं सगळंच चालतं. नूडल्सच्या गाडीवर चालतं. इमिग्रेशनच्या खिडकीवर माणूस तितकाच गोड बोलतो, पण दंडाची पावती फाडतोच.

व्हिसाची तारीख आणि मुक्कामाची तारीख

सगळ्या गोंधळांचं मूळ इथे आहे. व्हिसावर जी शेवटची तारीख असते, त्या दिवसापर्यंत तो वापरून देशात शिरता येतं. किती दिवस राहायचं, हे आत शिरताना मारलेल्या शिक्क्यावरची तारीख सांगते. डीटीव्ही हा घरून काम करणाऱ्यांचा व्हिसा जुलै २०२४मध्ये सुरू झाला. तो पाच वर्षांचा असतो, म्हणून लोक मिळाला की पेढे वाटतात. पण एका खेपेला राहता येतं १८० दिवसच. एक वर्षाच्या मल्टिपल एंट्री (अनेक खेपांच्या) नॉन-इमिग्रंट, म्हणजे पर्यटनाखेरीज इतर कामांसाठीच्या, व्हिसावरही दर खेपेला ९० दिवस मिळतात. विमानतळावरच शिक्का वाचा, फोटो काढा आणि मगच बॅगा घ्यायला जा. शिक्का चुकीचा असेल तर त्याच हॉलमध्ये दुरुस्त होतो, घरी पोचल्यावर ते काम फार लांबतं.

मुदत उलटून गेलीच असेल तर लपून बसू नका. दंड दिवसाला ५०० बात, जास्तीत जास्त २०,०००. आपणहून विमानतळावर जाऊन भरलात आणि उशीर ९० दिवसांच्या आत असेल, तर प्रकरण बहुधा तिथेच मिटतं. ९० दिवसांच्या पुढे गेलात की आपणहून निघालात तरी एक वर्षाची प्रवेशबंदी. एक वर्षाच्या पुढे गेलात की तीन वर्षांची. आणि पोलिसांनी पकडलं तर उशीर थोडा असला तरी पाच वर्षं. हे नियम २० मार्च २०१६ पासून लागू आहेत, तरी 'दंड भरला की झालं' हा जुना समज अजून फिरतो आहे.

री-एंट्री परमिट

सुरुवातीच्या जोडप्याची चूक हीच. मुदतवाढ घेतलेला माणूस परमिटशिवाय देशाबाहेर गेला की ती मुदतवाढ संपते. एका खेपेचं परमिट १,००० बात, अनेक खेपांचं ३,८००. वर्षातून चारदा घरी जाणाऱ्याने दुसरं घ्यावं. विसरलातच तर सुवर्णभूमीला निघण्याच्या वेळीही ते काढता येतं, पण खिडकी शोधायला आणि रांगेला वेळ हातात ठेवा. विमान सुटल्यावर मात्र इलाज नाही. शिक्कामोर्तब झालेलं परत फिरत नाही, नव्याने व्हिसापासून सुरुवात. ते जोडपं आजही गणपतीच्या आरतीत हा विषय निघाला की गप्प बसतं.

नव्वद दिवसांची पावती

सलग ९० दिवस देशात राहिलात की 'मी या पत्त्यावर आहे' असं कळवावं लागतं. फॉर्म टीएम ४७. तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत चालतं, ऑनलाइनही होतं. उशीर झाला तर २,००० बात. नोंद झाली की पासपोर्टला टाचून मिळणाऱ्या चिठ्ठीवर पुढची तारीख छापलेली असते आणि कित्येकांना वाटतं, तोवर राहायची परवानगी मिळाली. नाही! ती फक्त पुढच्या नोंदीची तारीख. मुक्कामाची मुदत त्याच्या आधी संपू शकते, आणि संपते. मधे देशाबाहेर जाऊन आलात तर मोजणी पुन्हा एकपासून.

याला जोडूनच टीएम ३०. परदेशी माणूस घरात राहायला आला की २४ तासांत कळवणं हे घरमालकाचं काम. पण मालकाने कळवलं नाही म्हणून खिडकीवर अडतो तो भाडेकरू: मुदतवाढीला गेलात, रहिवासाचा दाखला मागायला गेलात, की आधी त्याची पावती मागतात. म्हणून घर बघायला जाल तेव्हा वीज किती बात युनिट लावणार हे विचारता ना (विचाराच, काही इमारतींत सरकारी दरापेक्षा बरंच जास्त लावतात), तेव्हाच टीएम ३० करणार का, हेही विचारा. तोंड वाकडं करणाऱ्या मालकाचं घर कितीही छान असलं तरी मी घेणार नाही.

सन २५६९

आपल्याकडे पंचांगात शके असतं, पण दुधाच्या पिशवीवर कोणी शके छापत नाही. इथे छापतात. थायलंडमध्ये बौद्ध सन चालतो, आपल्या इसवी सनापेक्षा ५४३ ने पुढे. २०२६ म्हणजे २५६९. डब्यावर ०५/०३/६९ दिसलं की नवा माणूस ते त्रेचाळीस वर्षं टिकणारं सोयाबीन समजतो. गंमत इथवर ठीक. पण हाच घोळ भाडेकरारात, विम्याच्या कागदात, औषधाच्या पाकिटावर आणि लायसन्सवर होतो. ऑनलाइन फॉर्ममध्ये जन्मसाल १९८४ टाकलं आणि तो पुढेच जात नसेल तर २५२७ टाकून बघा. शेवटचे दोनच आकडे असतील तर सरळ विचारा, थाई की परदेशी साल?

आठ लाखांचा हिशेब

पन्नाशी ओलांडलेले, निवृत्त होऊन चियांग माय किंवा हुआ हिनला राहायला येणारे मराठी लोक आता वाढताहेत. निवृत्तीच्या मुदतवाढीसाठी थाई बँकेत आठ लाख बात, किंवा दरमहा ६५,००० बात उत्पन्न. रक्कम सगळ्यांना पाठ असते, चुकतात दिवस. आठ लाख अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात हवेत, मंजुरीनंतर तीन महिने तसेच हवेत, आणि उरलेल्या वर्षात शिल्लक चार लाखांच्या खाली जाता कामा नये. मुलीच्या लग्नाला म्हणून पाचव्या महिन्यात पाच लाख काढले, की पुढच्या वर्षी खिडकीवर पासबुकाचं पान उलटताना अधिकाऱ्याची पेन्सिल तिथेच थांबते. घरखर्चाचं खातं वेगळं ठेवा, या खात्याला हातच लावू नका. अर्जाच्या दिवशी सकाळी त्यात शंभर बात भरून पासबुक छापून घ्या, कारण कालची नोंद त्यांना शिळी वाटते. आणि प्रत्येक झेरॉक्सवर सही, निळ्या शाईने.

'पैसे आम्ही दाखवतो, तुम्ही फक्त पासपोर्ट द्या' म्हणणारे एजंट मिळतात. पासपोर्टवर तुमचं नाव असतं, त्यांचं नाही. यापलीकडे मी काही बोलत नाही.

पासपोर्टचीही एक तारीख असते. तो आठ महिन्यांत संपणार असेल तर मुदतवाढ आठच महिने मिळेल, वर्षाची नाही. म्हणून आधी भारतीय दूतावासाकडून नवा पासपोर्ट, मग इमिग्रेशनमध्ये जुन्यातले शिक्के नव्यात उतरवणं, मग मुदतवाढ. हा क्रम उलटा करणारे दुप्पट फेऱ्या मारतात. जुना पासपोर्ट फेकू नका, दोन्ही बरोबर ठेवा.

डबे, चकल्या आणि वर्क परमिट

हे जरा मनाला लागेल. मी स्वतः नवऱ्याच्या नोकरीमुळे डिपेंडंट म्हणून आले. दोन महिन्यांत घर लागलं, मग दुपार खायला उठली. अशा वेळी सोसायटीतली एखादी ताई म्हणते, 'दिवाळीचा फराळ करून दे ना, पैसे देते.' चकली उत्तम होते, ऑर्डरी वाढतात, ग्रुपवर फोटो जातात. आणि वर्क परमिट नसताना पैसे घेऊन केलेलं काम म्हणजे कायद्याने गुन्हा. दंड ५,००० ते ५०,००० बात, देशातून रवानगी, आणि पुढची दोन वर्षं परमिटचा अर्ज करता येत नाही. योगाचे वर्ग, शिकवण्या, भारतातून आलेल्या पाहुण्यांना पैसे घेऊन शहर दाखवणं, सगळं यात आलं. शेवटचं तर परमिट असलं तरी नाही: पर्यटक मार्गदर्शकाचं काम थाई नागरिकांसाठीच राखलेलं आहे. तक्रार बहुधा धंद्यातला दुसरा कोणी करतो. मी चकल्या करते, वाटते, पैसे घेत नाही. त्या बदल्यात शेजारची थाई मावशी मला आंबे देते, त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

छोट्या वाटणाऱ्या गोष्टी

जागरणाला रमी मांडताय? तीन कॅट म्हणजे १५६ पत्ते, आणि इथल्या पत्त्यांच्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय १२० पेक्षा जास्त पत्ते बाळगता येत नाहीत. हसू नका. फेब्रुवारी २०१६मध्ये पट्टायात ब्रिज खेळणाऱ्या ३२ परदेशी लोकांना याच कायद्यावर बोट ठेवून पोलीस घेऊन गेले होते, त्यातले बरेच उतारवयाचे. दोन कॅटांत भागवा. ई-सिगारेट आणूच नका. राजघराण्याविषयी विनोद, फॉरवर्ड, शेरा, काहीही नाही: कलम ११२ खाली एका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षांची कैद आहे.

स्कूटर ही खरी मोठी गोष्ट आहे, पण लोक तिला छोटी समजतात. भाड्याने देणारा लायसन्स विचारत नाही, म्हणून ते लागत नाही असं नाही. भारतातून निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि त्यात दुचाकीच्या रकान्यावर शिक्का आहे ना, ते बघा. फक्त चारचाकीचा शिक्का असेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते आणि खाजगी रुग्णालयाचं बिल लाखांत जातं. हा परवाना एक वर्षाचा. राहायलाच आला असाल तर थाई लायसन्स काढा: पहिलं दोन वर्षांचं, पुढचं पाच. रुग्णवाहिकेला १६६९, पर्यटक पोलिसांना ११५५. नंबर आत्ताच फोनमध्ये घाला.

खातं उधार देऊ नका

'भाऊ, तुझ्या खात्यावर पैसे येतील, काढून दे, दोन हजार ठेव.' भाड्याच्या अशा खात्याला थाईत 'बांची मा' म्हणतात, घोडा-खातं. फसवणुकीचा पैसा त्यावरून दौडतो आणि सापडतो घोडा. २०२३च्या वटहुकमानुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख बातपर्यंत दंड. याच टोळ्यांचं दुसरं टोक नोकरीच्या जाहिरातीत असतं: बँकॉकमध्ये डेटा एंट्री, पगार घसघशीत. विमानतळावर गाडी येते, ती शहरात न जाता पश्चिमेला सात-आठ तास धावते आणि मे सोत या सीमेवरच्या गावाला नदीपलीकडे म्यानमार लागतं. मार्च २०२५मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी अशा अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना परत नेलं. गावाकडचा कोणी पोरगा 'थायलंडला जॉब लागला' म्हणाला तर एकच विचारा: नोकरीसाठीचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा निघालाय का? पर्यटक म्हणून ये, नंतर बघू, असं उत्तर आलं तर त्याला घरीच थांबवा.

करही तारखांचाच

एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिलात की इथले करदाते झालात. २०२४ पासून मिळवलेलं परदेशी उत्पन्न थायलंडमध्ये आणलं तर ते करपात्र धरतात, कोणत्याही वर्षी आणलं तरी. त्यामुळे भारतातलं भाडं, व्याज, पेन्शन आणताना २०२३ अखेरची जुनी बचत आणि नंतरची कमाई वेगवेगळ्या खात्यांत ठेवा. कागद दाखवता आला पाहिजे. दोन देशांत करार आहे, तोच कर दोनदा भरावा लागू नये म्हणून. एकदा सीएला विचाराच. भारतातलं साधं बचत खातंही एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्या, बँकेला कळेल तेव्हा बघू म्हणू नका. विवरणपत्राची मुदत ३१ मार्च.

आणि मार्चनंतर एप्रिल येतो. १३, १४, १५ एप्रिल सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा पाणी उडवण्याचा सण, सरकारी कचेऱ्या बंद. त्या आठवड्यात तुमची मुदत संपत असेल तर मुदतवाढीचा अर्ज महिनाभर आधीच देता येतो, मार्चमध्येच चेंग वत्थनाला, म्हणजे बँकॉकच्या इमिग्रेशन कचेरीत, जाऊन या. सोंगक्रानच्या आदल्या दिवशी निघालात तर एवढं करा: कागद दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घाला आणि पासपोर्ट सदऱ्याच्या आत. रस्त्यावरची पोरं सण सुरू व्हायची वाट बघत नाहीत, आणि शाईचा शिक्का पाण्याने फिसकटला तर तो कोणत्या तारखेचा होता, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.