फ्रेंच कामगारी जॅकेट रोज घालताय? मग या चुका टाळा

फ्रान्समध्ये शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्या मराठी पोरांच्या डोक्यात अलीकडे एक खूळ शिरलंय: निळं कामगारी जॅकेट. इथे त्याला ‘ब्लू द त्राव्हाय’ म्हणतात. बाहेरून लावलेले तीन खिसे, आत एक, साधी कॉलर, समोर बटणांची एक रांग, अस्तर नाही. खूळ चांगलंच आहे. मी ल्योंमध्ये राहतो आणि कडाक्याची थंडी सोडली तर एरवी हेच अंगात असतं. तक्रार आहे ती त्याच त्याच चुकांची. दर सप्टेंबरला नवी पोरं येतात, ऑक्टोबरात जॅकेट घेतात आणि नोव्हेंबरात फोटो पाठवून विचारतात, “दादा, हे असं कसं झालं?” उत्तर ठरलेलं असतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

न धुतलेला जुना माल मापात घेणं

सगळ्यात जास्त जॅकेटं इथेच वाया जातात. फ्रान्समधले मोठे कारखाने एकेक करून बंद पडत गेले. पॅरिसजवळच्या बियांकूरमधला रेनोचा अवाढव्य कारखाना 1992 साली थांबला. कामगार कमी झाले, पण गावोगावच्या कपड्यांच्या दुकानांच्या माळ्यावर कामगारी कपड्यांचे गठ्ठे तसेच पडून राहिले. तो कधीच न वापरलेला माल आज जुन्या बाजारात येतो. कांजीने करकरीत, घडीच्या जागी पांढरट रेघ, कागदी लेबल अजून टाचलेलं. बघताक्षणी भुरळ पडते.

पण त्यातलं बरंचसं कापड विणल्यापासून धड पाण्यात गेलेलं नसतं. विणताना ताणा, म्हणजे उभा धागा, मागावर ओढून धरलेला असतो. पहिल्या धुण्यात तो सैल पडतो आणि कापड आटतं, तेही रुंदीपेक्षा लांबीत जास्त. ड्रिल किंवा मोलस्किन ही गच्च विणीची सुती कापडं अशी कोरी असतील तर लांबीत आठ-दहा टक्के सहज जातात. 62 सेंटिमीटरची बाही 8 टक्के आटली की पाच सेंटिमीटर गेले. पाच सेंटिमीटर म्हणजे मनगटाचं हाड आणि वर घड्याळाचा पट्टा, सगळं उघडं.

सॅनफर्ड क्लूएट नावाच्या अमेरिकन माणसाने यावर यंत्राचा उपाय काढला आणि 1930 साली त्याचं पेटंट घेतलं. त्यात कापड शिवण्याआधीच आटवून घेतात. लेबलवर ‘सॅन्फोराइझ्ड’ असा शिक्का दिसला तर काळजी कमी. नसेल तर ते जॅकेट आटणार हे धरूनच चाला.

आमच्या ओळखीतला कोल्हापूरचा एक पोरगा. व्हिलरबानमध्ये कालव्याकाठी रविवारी मोठा जुना बाजार भरतो, तिथे त्याला काळं मोलस्किन मिळालं. कोरं, जाड, अंगावर घेतलं की वाजेल असं. मी सोबत होतो. म्हटलं, “याच्यावरचा नंबर घे. दोन वरचा मिळाला तर उत्तमच.” पोरगा आरशासमोरून हलेना. “दादा, खांद्यावर बघा की कसं बसलंय. मोठं घेतलं तर गोणपाट दिसंल.” विक्रेत्या म्हाताऱ्यानेही फ्रेंचमध्ये तेच सांगितलं, वरचा नंबर घे. दोघांचंही ऐकलं नाही.

घरी आल्यावर माळ्याचा वास जाईना, म्हणून स्वारी खालच्या लाँड्रीत गेली. 60 अंशांवर धुणं आणि वर गरम हवेचं ड्रायर, पूर्ण वेळ. संध्याकाळी फोटो आला. बाह्या कोपर आणि मनगट यांच्या मधोमध, खालची कड पट्ट्याच्या वर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे काजांची पट्टी आकसून लाटा पडलेली, कारण शिवणीचा दोरा आटला नव्हता आणि कापड आटलं होतं. आम्ही ते परत भिजवलं, दोन बाजूंनी धरून बाह्या ओढल्या, ओलं असताना त्याला घालायला लावलं. जेमतेम बोटभर लांबी परत आली. आता ते जॅकेट त्याच्याच इमारतीतली नाशिकची एक मुलगी घालते आणि तिला झकास बसतं. पोराला ते रोज जिन्यात दिसतं.

माझी पद्धत साधी आहे. कोरं जॅकेट आणलं की बाथटबमध्ये थंड पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायचं, साबण नाही. सकाळी कांजी निघालेली असते, पाणी गढूळ होतं. मग कोमट पाण्यात पुन्हा एकदा. पिळायचं नाही, नुसतं दाबून पाणी काढायचं आणि सावलीत वाळवायचं. हे सगळं आल्टर करण्याच्या *आधी*. बाही आखूड करून घेऊन मग धुणारे महाभागही मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल बोलत नाही.

लेबलवरच्या आकड्यावर विश्वास

इथल्या मापात 50 म्हणजे साधारण 100 सेंटिमीटर छाती, आकडा छातीच्या निम्मा. हे झालं कागदावर. जुनी जॅकेटं आत स्वेटर घालता यावा म्हणून ऐसपैस बेतलेली असतात, शिवाय ती किती वेळा धुतली गेली कोण जाणे. घरचा नीट बसणारा शर्ट पसरून काखेपासून काखेपर्यंत मापा आणि तो आकडा फोनमध्ये ठेवा. टेप सोबत न्या. विक्रेते हसत नाहीत, उलट भाव कमी करतात, कारण समोरच्याला कळतंय हे त्यांना कळतं.

दोन दिवसांत ‘जुनं’ करायची घाई

या बाबतीत माझा संयम कमी आहे, आधीच सांगतो.

कॉलरच्या कडेला, खिशाच्या तोंडाशी, कोपरावर फिकट झालेला तो निळा रंग सगळ्यांना हवा असतो. वापर मात्र कोणालाच नको. मग इंटरनेटवर बघून कोणी सँडपेपर घासतं, कोणी प्युमिसचा दगड, कोणी थेट ब्लीच. मोलस्किन म्हणजे गच्च विणलेलं साटीन कापड. वरच्या बाजूला धागे लांब तरंगतात आणि त्यांना हलकी लव काढलेली असते. त्या घट्ट विणीमुळेच वारा आत शिरत नाही आणि ठिणगी पडली तरी कापड लगेच पेट घेत नाही. सँडपेपर नेमका तोच थर कापतो. सुरुवातीला मस्त फिकट दिसतं. चार धुण्यांनंतर तिथेच विरतं आणि कोपराला भोक पडतं.

ब्लीच तर त्याहून वाईट. क्लोरीनवालं ब्लीच रंगाबरोबर सुती धागाही खातं. एका पोराने स्प्रेच्या बाटलीत भरून खांद्यावर शिंपडलं होतं. आकाशी छटा येईल ही अपेक्षा. आले पिवळट-हिरवे डाग, पालीच्या पाठीसारखे. वर विचारतो, हे दुरुस्त होईल का? नाही होत. गडद काळा किंवा नेव्ही रंग देऊन डाग लपवता येतात, एवढाच मार्ग.

खरा फिका रंग घडीच्या जागी येतो, कारण तिथे घासलं जातं. तुम्ही डाव्या खांद्यावर पिशवी अडकवता, तर डावा खांदा आधी फिका होईल. पाकीट उजव्या खिशात, तर उजव्या खिशाची कड. सँडपेपरवाल्यांचं जॅकेट दोन्ही बाजूंनी सारखंच विरलेलं असतं, म्हणून लांबूनही ओळखू येतं. वाट बघायची नसेल तर सरळ वापरलेलं जॅकेट घ्या, त्यात लाज कसली? आणि वाट बघायची तयारी असेल तर नवं घ्या. वेत्रा ही फ्रेंच कंपनी 1927 पासून आणि ल लाबुरर ही दुसरी 1956 पासून हेच शिवत आल्यात. एखाद-दोन हिवाळे रोज वापरा, मग फोटो पाठवा.

रंगवलेला माल ‘अस्सल काळा’ म्हणून घेणं

काळ्या मोलस्किनला निळ्यापेक्षा जास्त पैसे मिळतात, म्हणून डागाळलेली निळी जॅकेटं काळी रंगवून विकली जातात. रंगवलेलं घेण्यात वाईट काही नाही, फक्त भाव त्या हिशेबाने द्या. ओळखायचं कसं? आतला खिसा बाहेर काढून त्याच्या कोपऱ्यात बघा. काजाच्या आतली कड बघा. शिवणीचा दोरा पॉलिस्टरचा असेल तर तो सुती रंग धरत नाही, त्यामुळे काळ्या कापडावर निळी टीप उठून दिसते. बटणाखाली, जिथे दोरा गच्च बसलेला असतो, तिथे मूळ रंगाचा ठिपका हमखास सापडतो.

ठिगळांचंही तसंच. खरं ठिगळ जिथे फाटतं तिथे असतं: कोपर, खिशाचा खालचा कोपरा, पुढची कड. छातीवर मधोमध, छान चौकोनी, उलट्या रंगाच्या टाक्यांचं ठिगळ दिसलं तर ते मागच्या महिन्यात लावलेलं आहे. कॉलरच्या आत कापडी पट्टीवर नंबर शिवलेला असेल तर मात्र तो उसवू नका. कामगारांचे कपडे एकगठ्ठा धुलाईला जायचे, कोणाचं कोणतं कळावं म्हणून तो नंबर असे. लोक तो ‘घाण दिसतो’ म्हणून कापतात. काय बोलणार.

बाकीच्या, थोडक्यात

खडे मीठ टाकून भिजवलं की रंग पक्का होतो, हे आईने सांगितलं असेल. मीठ रंगवताना कामाला येतं. एकदा रंगवून आलेल्या कापडाचा रंग त्याने पक्का होत नाही. पहिली दोन-तीन धुणी वेगळी करा, उलटं करून, थंड पाण्यात.

इस्त्री उलट्या बाजूने. सुलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवलीत तर मोलस्किन चकाकतं आणि ती चकाकी सहजी जात नाही.

65 टक्के पॉलिस्टरचं जॅकेटही ‘अस्सल कामगारी’ म्हणून विकतात. ते खोटंही नाही, आजचे कामगार बरेचदा तेच घालतात, कारण ते पटकन वाळतं. पण ते सुती मोलस्किनसारखं कधीच फिकं होणार नाही. आतली धुण्याची पट्टी वाचायला दोन सेकंद लागतात.

त्याच निळ्याची पँट खाली नको. जॅकेट-पँटचा पूर्ण जोड घालून हार्डवेअरच्या दुकानात जाऊन बघा, तीन मिनिटांत कोणीतरी तुम्हाला ‘नळाचे वॉशर कुठे आहेत’ म्हणून विचारेल. खाली करडी लोकरी किंवा खाकी पँट, नाहीतर उजळ डेनिम. आणि नव्याकोऱ्या गडद जॅकेटखाली पांढरा शर्ट पहिल्या पावसात घालू नका. कॉलर निळी होते.

खालचे खिसे मोठे आहेत म्हणून त्यात पॉवर बँक, चाव्या, पाण्याची बाटली कोंबू नका. खिसा वरून शिवलेला असतो, वजनाने कोपरा कापडासकट फाटतो. न्यूयॉर्क टाइम्ससाठी रस्त्यावरच्या फॅशनचे फोटो काढणारे बिल कनिंगहॅम पॅरिसच्या बेआशव्हे या मोठ्या दुकानातून घेतलेलं निळं जॅकेट घालून सायकलवर फिरत. कॅमेरा त्यांनी गळ्यात ठेवला, खिशात नाही.

घरी नेताना

सुट्टीत जाताना भावासाठी, काकांसाठी मोलस्किन नेणारे बरेच आहेत. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ते खुशाल चालतं. मुंबईत अंगावर ठेवू नाही शकणार कोणी. मुंबई-कोकणात द्यायचं असेल तर पातळ सुती ड्रिल किंवा लिनन घ्या, तेच बेत त्या कापडातही मिळतात. पावसाळ्यात बंद कपाटात मोलस्किनला बुरशी धरते. जूनच्या आधी धुऊन, पूर्ण वाळवून कडुलिंबाच्या पाल्यासोबत ठेवा, आणि मधूनमधून ऊन पडलं की बाहेर काढा. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांचा वास या कापडातून लवकर निघत नाही. हँगर रुंद, लाकडी. तारेचा हँगर दमट हवेत गंजतो, आणि कॉलरच्या आतला गंजाचा डाग लिंबू चोळूनही पूर्ण निघत नाही.